एका इमारतीसाठी तीन प्रस्ताव: किंमत आणि अटींचे गणित कसे मांडावे

भाड्याने दिलेल्या सदनिकांची अख्खी इमारत घ्यायला निघालेला नवखा खरेदीदार बहुधा एकच आकडा लिहून पाठवतो. आकडा मागणीपेक्षा कमी असतो, विक्रेता नाही म्हणतो आणि बोलणी तिथेच संपतात. खरे तर किंमत हा सौद्याचा एकच भाग आहे. पैसे कधी मिळणार, किती रोख, किती हप्त्यांनी, व्याज काय आणि तारण कशाचे, हे सगळे मिळून सौदा होतो. किंमत वर न्यायची असेल तर अटींत सवलत मिळाली पाहिजे. सगळी रक्कम रोख हवी असेल तर किंमत खाली आली पाहिजे. ही देवाणघेवाण विक्रेत्याला स्वच्छ दिसावी म्हणून एकाच पत्रात तीन पर्याय द्यायचे.

तीनच का? दोन दिले तर एक चांगला आणि दुसरा भरतीचा वाटतो. पाच दिले तर विक्रेता ते पत्र वकिलाकडे देतो आणि पुढचे तीन आठवडे उत्तर येत नाही. तीन पर्याय एका बैठकीत वाचून समजतात.

खालचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत. चलन कोणतेही समजा, प्रमाणे तीच राहतात. कर, नोंदणी आणि गहाणाचे नियम मात्र देशागणिक वेगळे असतात, म्हणून सही करण्यापूर्वी स्थानिक वकील आणि करसल्लागार यांना कागद दाखवलाच पाहिजे.

पायरी १: उत्पन्नाचा आकडा स्वतः काढा

समजा इमारतीत २० सदनिका आहेत आणि प्रत्येकीचे भाडे महिना १,००० आहे. वर्षाचे पूर्ण भाडे २,४०,०००. रिकाम्या सदनिका आणि थकलेले भाडे यांसाठी ५ टक्के वजा केले की २,२८,००० उरतात. त्यातून इमारत चालवण्याचा खर्च जातो: मालमत्ता कर, विमा, सामाईक वीज-पाणी, दुरुस्ती, साफसफाई, देखरेख करणाऱ्याचा मेहनताना. तो ४० टक्के, म्हणजे ९१,२०० धरू. उरलेले १,३६,८०० हे निव्वळ उत्पन्न, ज्याला व्यवहारात एनओआय म्हणतात. कर्जाचा हप्ता यात धरायचा नाही; तो खरेदीदारागणिक बदलतो आणि इमारतीच्या कमाईशी त्याचा संबंध नसतो.

विक्रेता मागतो आहे १८,००,०००. म्हणजे १,३६,८०० भागिले १८ लाख, ७.६ टक्के. हा कॅप रेट.

विक्रेत्याच्या तक्त्यात हाच दर बराच चढा दिसेल. त्याची दोन कारणे नेहमीची आहेत. एक, सगळ्या सदनिका बारा महिने भरलेल्या धरलेल्या असतात. दुसरे, मालक स्वतःच देखरेख करतो म्हणून त्या कामाचा खर्च शून्य लिहिलेला असतो. या दोन गोष्टींमुळे खर्च ३० टक्क्यांवर येऊन रिकामपण गायब झाले, तर तेच उत्पन्न १,६८,००० दिसते आणि कॅप रेट ९.३ टक्के. इमारत तीच, भाडेकरू तेच. फरक फक्त कागदावर आहे.

या चुकीची किंमत लक्षात ठेवा. ७.६ टक्क्यांच्या हिशोबात निव्वळ उत्पन्न १०,००० ने जास्त धरले गेले, तर तुम्ही इमारतीला सुमारे १,३१,६०० जास्त देऊन बसता. म्हणून मागच्या किमान १२ महिन्यांचा भाडेतक्ता आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून जुळवा. विक्रीनंतर मालमत्ता कराची फेरआकारणी होते का, हेही विचारा. जिथे ती होते, तिथे विक्रेत्याचा जुना कर तुमच्या हिशोबाला काहीच कामाचा नाही.

छप्पर, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, जुनी नळवाहिनी यांसारखी मोठी कामे या ४० टक्क्यांत बसत नाहीत. त्यांचा निधी वेगळा काढा.

पायरी २: विक्रेत्याला काय हवे आहे ते आधी विचारा

ही पायरी न करता पर्याय लिहिणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे. चार प्रश्न पुरतात. इमारतीवर सध्या किती कर्ज शिल्लक आहे? विकून आलेल्या पैशांचे काय करणार आहात? पैसे कधी लागतात? इमारतीत कोणती कामे रखडली आहेत?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. समजा विक्रेत्याच्या डोक्यावर बँकेचे ९ लाख आहेत. मग २,७०,००० आगाऊ आणि बाकी हप्त्यांनी असा पर्याय त्याला चालणारच नाही, कारण आलेल्या रकमेतून बँक फिटत नाही. जुने कर्ज तसेच ठेवून वरून नवा व्यवहार करण्याची कल्पना कोणीतरी सुचवतेच. त्यात धोका असा, की मालमत्ता विकल्यास पूर्ण कर्ज ताबडतोब फेडावे लागेल अशी अट कित्येक गहाणखतांत असते. बँकेची लेखी संमती नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

उलट इमारत कर्जमुक्त असेल, मालक बरीच वर्षे तिच्या भाड्यावर जगत असेल आणि त्याला फक्त भाडेकरूंच्या तक्रारींतून सुटका हवी असेल, तर उधारीवरच्या विक्रीत त्याला खरा रस असू शकतो. त्याला दरमहा पैसे येत राहतात, पण नळ गळल्याचा फोन येत नाही. काही देशांत हप्त्यांनी आलेल्या किमतीवरचा करही त्या त्या वर्षात विभागला जातो. हा मुद्दा तुम्ही पटवून देऊ नका. विक्रेत्याला त्याच्याच करसल्लागाराकडे पाठवा. सल्लागाराच्या तोंडून आलेली गोष्ट त्याला पटते, आणि चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

पायरी ३: बँक किती देईल याची मर्यादा काढा

बँक दोन फुटपट्ट्या लावते आणि जी कमी रक्कम दाखवते ती मंजूर करते. पहिली, मालमत्तेच्या किमतीच्या किती टक्के. आपण ७० टक्के धरू. दुसरी, निव्वळ उत्पन्न वर्षाच्या हप्त्यांच्या किती पट आहे. हे डीएससीआर गुणोत्तर. आपण किमान १.२५ धरू.

२५ वर्षांचे, ७ टक्के व्याजाचे कर्ज घेतले तर दर लाखाला महिना सुमारे ७०६.८० हप्ता बसतो, वर्षाला साधारण ८,४८१. निव्वळ उत्पन्न १,३६,८०० भागिले १.२५ म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १,०९,४४० हप्ता. त्यात सुमारे १२,९०,००० चे कर्ज बसते. मागणीच्या किमतीला ७० टक्के म्हणजे १२,६०,०००. इथे पहिली फुटपट्टी आधी लागते. व्याजदर चढला की दुसरी आधी लागू लागते, म्हणून प्रस्ताव लिहिण्याच्या आठवड्यातलाच दर वापरा.

पायरी ४: तीन पर्याय बांधा

पर्याय अ: कमी किंमत, पूर्ण पैसे एकदम. किंमत १६,२०,०००. बँकेचे कर्ज ११,३४,०००, स्वतःचे ४,८६,०००. वर्षाचे हप्ते ९६,१७८. हातात उरतात ४०,६२२, म्हणजे स्वतःच्या गुंतवणुकीवर ८.३६ टक्के. डीएससीआर १.४२. विक्रेत्याला ताब्याच्या दिवशी सगळी रक्कम मिळते आणि त्याचा तुमच्याशी संबंध संपतो. या मोकळेपणासाठी तो किंमत सोडतो.

पर्याय ब: मधली किंमत, बँक आणि विक्रेता दोघांचे कर्ज. इथे नवखे लोक हमखास फसतात, म्हणून चुकीची मांडणी आधी पाहू. किंमत १६,६०,०००. बँक ७० टक्के, विक्रेता २० टक्के म्हणजे ३,३२,००० दुसऱ्या बोजावर (बँकेच्या गहाणानंतर ज्याचा हक्क लागतो अशा गहाणावर) ५ टक्क्यांनी, फक्त व्याज. स्वतःचे १० टक्के, १,६६,०००. बँकेचे वर्षाचे हप्ते ९८,५५३, विक्रेत्याचे व्याज १६,६००. उरतात २१,६४७, म्हणजे स्वतःच्या पैशांवर तब्बल १३ टक्के. कागदावर तिन्हींत हाच पर्याय सरस दिसतो.

पण दोन्ही कर्जे धरून डीएससीआर होतो १.१९. बँकेला विक्रेत्याची उधारी दाखवावीच लागते आणि बँक ती हिशोबात धरते, त्यामुळे प्रकरण तिथेच अडते. ती लपवून ठेवणे ही बँकेची फसवणूक आहे. शिवाय धरलेल्या ५ टक्क्यांपलीकडे आणखी दोन सदनिका जवळजवळ वर्षभर रिकाम्या राहिल्या तरी हप्ता खिशातून भरावा लागतो.

दुरुस्त मांडणी अशी: किंमत तीच १६,६०,०००. बँक ६५ टक्के, १०,७९,०००. विक्रेता १० टक्के, १,६६,०००, ५ टक्के दराने, पाच वर्षे फक्त व्याज, पाचव्या वर्षअखेर मुद्दल. स्वतःचे २५ टक्के, ४,१५,०००. हप्ते आणि व्याज मिळून ९९,८१४. हातात ३६,९८६, म्हणजे ८.९१ टक्के. डीएससीआर १.३७. हा टिकतो. तरीही दुसऱ्या बोजाला परवानगी आहे का, हे बँकेकडून प्रस्ताव पाठवण्याआधी विचारून घ्या. काही बँका तो मुळीच चालवून घेत नाहीत.

पर्याय क: मागितलेली पूर्ण किंमत, पण विक्रेत्याच्या उधारीवर. किंमत १८,००,०००. आगाऊ १५ टक्के, २,७०,०००. बाकी १५,३०,००० विक्रेत्याला ५.५ टक्के व्याजाने, हप्ता ३० वर्षांच्या हिशोबाने, पण सातव्या वर्षाच्या शेवटी उरलेली सगळी रक्कम एकदम. महिन्याचा हप्ता ८,६८७, वर्षाचा १,०४,२४६. हातात ३२,५५४, स्वतःच्या पैशांवर १२ टक्के. डीएससीआर १.३१.

नोंदणी, वकील, तपासणी आणि हस्तांतरण कर हे खर्च तिन्ही पर्यायांत वरचे आहेत. ते स्वतःच्या गुंतवणुकीत मिळवले की टक्केवारी थोडी उतरेल. तुमच्या भागातले खरे आकडे घालून ती पुन्हा काढा.

विक्रेत्याला किंमत प्रिय असते, कारण तोच आकडा तो घरी आणि मित्रांना सांगतो. व्याजाचा दर मात्र तुमच्या महिन्याच्या हप्त्यावर किमतीपेक्षा जास्त बोलतो. पर्याय क मध्ये दर ५.५ वरून ६ झाला तर वर्षाचा हप्ता ५,८३२ ने वाढतो. किंमत ५०,००० ने वाढवून ती सगळी उधारीत टाकली तर हप्ता फक्त ३,४०७ ने वाढतो. अर्धा टक्का व्याज आणि सुमारे ८५,६०० ची वाढीव किंमत यांचा हप्त्यावर सारखाच भार पडतो. म्हणून बोलणी ताणली की आधी किमतीत थोडे सरका, दर शेवटपर्यंत धरून ठेवा. वाढीव किमतीचा बराचसा भाग मात्र सातव्या वर्षीही फेडायचा उरतो, हे विसरू नका.

पायरी ५: विक्रेत्याच्या खुर्चीत बसून तोलून पाहा

तीन पर्याय वेगळे दिसले पाहिजेत, पण एक सोन्याचा आणि दोन मातीचे असे नकोत. तोलण्यासाठी पुढे येणारे सगळे पैसे आजच्या किमतीत आणायचे. विक्रेत्याला तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या गुंतवणुकीत काय दर मिळाला असता, तो दर वापरायचा.

| पर्याय | कागदावरची किंमत | ७ टक्के दराने आजचे मोल | ८ टक्के दराने आजचे मोल |
|---|---|---|---|
| अ | १६,२०,००० | १६,२०,००० | १६,२०,००० |
| ब | १६,६०,००० | १६,४६,००० | १६,३९,५०० |
| क | १८,००,००० | १६,७९,३०० | १६,०५,००० |

तक्ता नीट पाहा. पर्याय क ची किंमत अ पेक्षा १,८०,००० ने जास्त आहे, पण ७ टक्क्यांच्या हिशोबात खरा फरक ५९,००० च्या आसपास आहे. ज्याला पैसे दुसरीकडे ८ टक्क्यांनी लावता येतात, त्याला क हा अ पेक्षाही कमी पडतो. विक्रेत्याकडे जाणता हिशोबनीस असेल तर तो हे पाच मिनिटांत काढेल. तुम्ही ते आधीच काढलेले असले पाहिजे, कारण त्यावरूनच कळते की व्याज किती वाढवून देता येईल.

एखादा पर्याय प्रत्येक दराला बाकी दोघांपेक्षा बराच वर येत असेल, तर तुम्ही तिथे जास्त देत आहात. ब ची किंमत १७,१०,००० ठेवली असती तर नेमके तेच झाले असते: ७ टक्क्यांना १६,९५,६००, ८ टक्क्यांना १६,८८,९००, म्हणजे दोन्ही रकान्यांत अ आणि क यांच्या वर. मग उरलेले दोन पर्याय लिहिण्याचा अर्थच राहत नाही.

आणि एक कडक नियम. ज्या पर्यायावर उद्या सकाळी सही करायला तुम्ही तयार नाही, तो पत्रात घालू नका. केवळ बाकीचे उठून दिसावेत म्हणून टाकलेला पर्यायच विक्रेता नेमका उचलतो.

पायरी ६: सातव्या वर्षाची परीक्षा आजच घ्या

पर्याय क मधला शेवटचा मोठा हप्ता, ज्याला बलून म्हणतात, हा सगळ्या सौद्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. सात वर्षे नियमित हप्ते भरूनही १५,३०,००० पैकी सुमारे १३,५९,००० शिल्लक राहतात. ते फेडायला तेव्हा बँकेचे कर्ज काढावे लागेल. म्हणजे पायरी ३ मधल्या दोन्ही फुटपट्ट्या त्या दिवशीच्या दराने पुन्हा लागतील.

७० टक्क्यांच्या नियमाने इमारतीचे मूल्य तेव्हा किमान १९,४१,००० हवे, म्हणजे आजच्या मागणीपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त. हप्त्याच्या नियमाने व्याज तेव्हाही ७ टक्के असेल तर निव्वळ उत्पन्न १,४४,००० च्या थोडे वर हवे, म्हणजे ५ टक्के वाढ. हे सात वर्षांत जमण्यासारखे आहे. पण व्याज ९ टक्के झाले तर? मग निव्वळ उत्पन्न १,७१,००० लागते, तब्बल २५ टक्के वाढ. भाडी तेवढी वाढली नाहीत तर उरलेली रक्कम खिशातून घालावी लागेल किंवा इमारत विकावी लागेल. दोन्ही न जमल्यास विक्रेता गहाणाच्या हक्काने ती परत घेऊ शकतो, आणि तुमची आगाऊ रक्कम, सात वर्षांचे हप्ते, केलेली दुरुस्ती सगळे त्यात जाते.

उपाय करारातच घालायचे असतात, नंतर मिळत नाहीत. मुदत ७ ऐवजी १० वर्षे मागा. ती मिळत नसेल तर एकदाच वापरता येईल अशी १२ महिन्यांची वाढीव मुदत लिहून घ्या. तिच्या बदल्यात शिल्लक मुद्दलाचा १ टक्का देण्याची तयारी ठेवा. आणि बलूनच्या तारखेच्या १८ महिने आधी नव्या कर्जाची तयारी सुरू करा. तीन वर्षांचा बलून तर स्वीकारूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढ्या काळात भाडी वाढवून, दुरुस्ती करून, नवे हिशोब बँकेला दाखवण्याइतका वेळ मिळत नाही.

पायरी ७: पत्र लिहा

या टप्प्यावर करार लिहायचा नसतो, इरादापत्र लिहायचे असते. दोन पाने पुरतात. वरच्या भागात तिन्ही पर्यायांना समान असलेल्या गोष्टी: इमारतीचे वर्णन, इसार म्हणून किती रक्कम आणि ती कोणाकडे राहणार, तपासणीचे दिवस, ताब्याची मुदत, खर्च कोणी कोणता भरायचा. खालच्या भागात तिन्ही पर्याय एकाच क्रमाने: किंमत, रोख, विक्रेत्याची उधारी, दर, हप्ता, मुदत. क्रम सारखा असला की विक्रेता ओळीला ओळ लावून वाचू शकतो.

इसार साधारण १ ते ३ टक्के ठेवतात. तो विक्रेत्याच्या खात्यात नको. वकील किंवा तटस्थ तिसऱ्या पक्षाकडे ठेवा. तपासणीला ३० दिवस मागा आणि ते दिवस सही झाल्यापासून न मोजता शेवटचा कागद हातात आल्यापासून मोजा. हा एक शब्द बदलला नाही तर विक्रेता तीन आठवडे भाडेकरार पाठवत नाही आणि तुमची मुदत तशीच संपते. ताबा पर्याय अ आणि ब मध्ये बँकेमुळे ४५ ते ६० दिवसांवर जातो. क मध्ये बँक नाही, त्यामुळे तपासणी संपल्यावर १५ दिवसांतही होऊ शकतो. हा वेग विक्रेत्यापुढे ठळकपणे मांडा.

तीन वाक्ये पत्रात जशीच्या तशी असू द्या:

"वरील तीन पर्यायांपैकी कोणताही एक, आणि एकच, आपण निवडावा. पर्यायांतील अटी एकमेकांत मिसळल्यास तो आपला नवा प्रस्ताव समजला जाईल. हे पत्र बंधनकारक करार नसून, दोन्ही पक्षांनी सविस्तर करारावर सही केल्यावरच व्यवहार बंधनकारक होईल."

त्याखाली शेवटची तारीख घाला. सात ते दहा दिवस पुरेत. तारीख नसली की तुमचे पत्र दुसऱ्या खरेदीदाराची किंमत चढवायला वापरले जाते.

पायरी ८: उधारीच्या अटी बारीक वाचा

पर्याय ब किंवा क निवडला गेला की विक्रेत्याचा वकील कर्जखत तयार करतो, आणि त्यात तुमच्या बाजूचे काहीच नसते. पुढील गोष्टी तुम्हीच मागायच्या. मुदतीआधी फेड केल्यास दंड नाही. हप्ता चुकल्यास लेखी सूचना आणि किमान ३० दिवसांची सुधारण्याची संधी. विक्रेत्याने हे कर्ज दुसऱ्याला विकायचे ठरवले तर, सवलतीत ते घेण्याचा पहिला हक्क तुमचा. विक्रेत्याने लपवलेले जुने देणे किंवा दावा नंतर निघाला तर ती रक्कम हप्त्यातून वळती करण्याचा हक्क. वसुली फक्त या इमारतीपुरती, तुमच्या इतर मालमत्तेवर नाही. शेवटची अट सगळे विक्रेते देत नाहीत, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही.

विक्रेत्यालाही संरक्षण हवे असते आणि ते देण्यात कमीपणा नाही. विम्यात त्याचे नाव, दरवर्षी कर भरल्याची पावती, वर्षातून एकदा उत्पन्न-खर्चाचा तक्ता. हे आपणहून देऊ केले की व्याजाच्या बोलण्यात समोरचा मऊ होतो.

अजून दोन रचना आहेत. विक्रेत्याचे जुने कर्ज कमी व्याजाचे असेल तर बँकेच्या लेखी संमतीने तेच आपल्या नावावर घेणे, हा कधीकधी तिन्हींपेक्षा स्वस्त पडतो. त्यासाठी शिल्लक रक्कम, उरलेली वर्षे आणि बँकेचे हस्तांतरण शुल्क एवढे विचारा. दुसरी, इमारत भाडेपट्ट्याने चालवायला घेऊन ठरलेल्या किमतीला पुढे विकत घेण्याचा हक्क ठेवणे. निम्म्या सदनिका रिकाम्या असलेल्या, बँक हात न लावणाऱ्या इमारतीला ती बरी. पण हक्काची रीतसर नोंद झाली नाही तर तुम्ही दुसऱ्याच्या इमारतीवर खर्च करून मोकळे होता.

पायरी ९: उत्तर आल्यावर

सगळ्यात नेहमीचे उत्तर असे: "क ची किंमत द्या, पण अ सारखी रोख द्या." रागावू नका. त्यातून विक्रेत्याला किंमत प्यारी आहे हे समजले. आता किंमत तीच ठेवून अटींतली एकच गोष्ट हलवा: आगाऊ रक्कम १५ वरून २० टक्के करा, किंवा मुदत जरा कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाच्या बदल्यात काहीतरी मागा. आगाऊ वाढवली तर दर अर्ध्या टक्क्याने खाली मागा. प्रत्येक फेरीनंतर हप्ता, डीएससीआर आणि बलूनची शिल्लक पुन्हा काढा; बोलण्याच्या भरात १.२५ ची रेषा ओलांडली जाते ती इथेच.

तिन्ही नाकारले गेले तर एवढेच विचारा: सर्वांत जवळचा कोणता होता आणि त्यात काय कमी पडले? उत्तर लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत इमारत विकली गेली नसेल तर ताजा भाडेतक्ता मागवून तोच एक पर्याय सुधारून पाठवा.

होकार आला तर तपासणीत प्रत्येक भाडेकरूकडून लेखी खात्री घ्या: भाडे किती, अनामत किती, आगाऊ भाडे भरले आहे का, मालकाने कोणती सूट कबूल केली आहे का. विक्रेत्याच्या तक्त्यातले १,००० आणि भाडेकरूने लिहिलेले ९०० यांतला फरक वीस सदनिकांत वर्षाला २४,००० होतो, आणि तेवढ्याने वरचे तिन्ही पर्याय पुन्हा मांडावे लागतात. तपासणीत तफावत निघाली तर ती लेखी कळवा आणि निवडलेल्याच पर्यायात किंमत खाली आणा. रचना बदलू नका.

ताब्याच्या दिवसाच्या हिशोबात भाडेकरूंच्या अनामती तुमच्याकडे वळत्या झाल्याच पाहिजेत, कारण उद्या त्या परत देण्याची जबाबदारी तुमची आहे. २० पैकी १९ सदनिका भरलेल्या असतील आणि अनामत एका महिन्याची असेल तर ते १९,०००. महिन्याच्या १० तारखेला ताबा मिळाला आणि विक्रेत्याने महिन्याचे भाडे आधीच घेतले असेल तर ३० पैकी २१ दिवसांचे १३,३०० तुमचे. दोन्ही मिळून ३२,३०० तुम्ही त्या दिवशी भरायच्या रकमेतून वजा झाले आहेत का, हे सही करण्यापूर्वी हिशोबपत्रकात बोट ठेवून पाहा.